ऊनपदेवला गेलेली मतं

सासरे तोताराम आबा झांबरे शनिवारी सकाळी सात वाजताच यावलहून जळगावात पिंप्राळ्याच्या घरी येऊन बसले, तेव्हाच लताला शंका यायला हवी होती. आबा खुशीत असले की पायावर पाय टाकून बसत आणि फारच खुशीत असले की वरच्या पायाचा अंगठा हलवत. आज तो अंगठा थांबायचं नाव घेत नव्हता.

"चहा ठेवू का आबा?"

"दोनदा झाला. तू तुह्यं काम कर, लताबाई. उद्याची काळजी सोड. आपलं बठ्ठं पक्कं हाये."

लता हसली आणि पुन्हा कागदावर वाकली. खाली तिचं प्रसूतिगृह, वर घर. जेवणाच्या टेबलावर उद्याचं भाषण अर्धवट पडलेलं. समोर थोरले दीर जीवराम कपाळाला आठ्या घालून पेपर वाचत होते, त्यांची बायको पुष्पाबाई मोड आलेली मटकी निवडत होती आणि नवरा गिरधर सकाळच्या आंघोळीनंतर नेहमीप्रमाणे चष्मा शोधत होता. उद्या, एकोणनव्वद सालच्या फेब्रुवारीतल्या दुसऱ्या रविवारी, धुळे आणि जळगाव या दोन्ही जिल्ह्यांच्या डॉक्टरांच्या असोसिएशनची निवडणूक होती. घरातले सगळे त्यासाठीच जमले होते.

खरं म्हणजे निवडणूक व्हायची गरजच नव्हती. एक वर्ष अध्यक्ष धुळ्याचा, एक वर्ष जळगावचा, आणि तोही बिनविरोध, असा रिवाज गेली पंधरा वर्षं चालत आला होता. यंदा जळगावची बारी. पण जळगावकरांनी डॉ. लता झांबरे हे नाव पुढे केलं आणि हा रिवाज कुठेच लिहिलेला नाही, हा शोध धुळेकरांना एकाएकी लागला. त्यांनी डॉ. सुकदेव बोरसे यांना उभं केलं. माणूस वाईट नव्हता. हाडांचा डॉक्टर, हात हलका, बोलणं गोड. लता सहा वर्षं असोसिएशनची सेक्रेटरी होती आणि त्या सहाही वर्षांत प्रत्येक सभेच्या शेवटी बोरसे उठून म्हणत, "सेक्रेटरी म्हणून लताताईंसारखं दुसरं कोणी नाही." पहिली दोन वर्षं तिला हे कौतुक वाटलं. तिसऱ्या वर्षी कळलं की याचा अर्थ, तुम्ही लिहीत बसा, खुर्चीत आम्ही बसतो.

नाव ठरत होतं तेव्हा आबांची इच्छा होती की उभं राहायचं तर गिरधरनं राहावं. गिरधर भूलतज्ज्ञ. तो म्हणाला, "आबा, मी इंजेक्शननं माणसं झोपवतो. भाषणानं झोपवायला लावू नका. लता उभी राहील." आबा आठ दिवस कोणाशी बोलले नाहीत. झांबऱ्यांच्या घरातून बाईमाणूस निवडणुकीला उभं राहणार, हे पचायला त्यांना आठ दिवस लागले. नवव्या दिवशी ते वही घेऊन आले आणि म्हणाले, "मतदार यादी दे." कारण आबांना आयुष्यात दोनच गोष्टी पक्क्या येत होत्या, केळी लावणं आणि निवडणूक जिंकणं. फळविक्री सोसायटीचे ते बावीस वर्षं चेअरमन. निवडणूक लागली आणि आबा स्वस्थ बसले, असं यावल तालुक्यात कोणी पाहिलेलं नव्हतं.

हे सगळं जीवरामभाऊंना मात्र सलत होतं. उन्हाळ्यात सोसायटीची निवडणूक यायची होती, तिथे त्यांना स्वतःला उभं राहायचं होतं आणि आबा आपला सगळा जोर धाकट्या सुनेवर खर्च करून बसले होते.

आठ वाजले असतील. फोन वाजला. लतानं उचलला.

"बाई, मी झुलाल. कोलते डॉक्टरच्या दवाखान्यातून बोलू राह्यलो." यावलच्या डॉ. नथ्थू कोलत्यांचा हा कंपाउंडर. एरवी तो इतका सावकाश बोले की ऐकणाऱ्याला जांभई यावी. आज धाप लागलेली होती. "उखर्डूबाबाची सून अडली हाये. भिकुबाई. काल सांजपासून कळा. सुईण म्हणते, पोर आडवं हाये."

"मग कोलत्यांना उठवा ना! आज ड्यूटी त्यांचीच आहे."

"ते गावात नही, बाई. कोनीच नही. बाकीचे चारी दवाखाने पाहून आलो, चारीले कुलूप. सरकारी दवाखान्याचे साहेब शिबिराले गेले. एसटी स्टँडवरच्या फळ्यावर डॉक्टराचं नाव लिव्हेल हाये, पन डॉक्टर नही."

तो फळा लताचा होता. तीन वर्षांपूर्वी पोळ्याच्या दिवशी यावलात साप चावलेला एक माणूस चार बंद दवाखान्यांच्या पायऱ्या चढून उतरला आणि पाचव्याच्या पायरीवर त्याचा जीव गेला. त्यानंतर तिनं दारोदार फिरून, हातापाया पडून, भांडून हा ड्यूटीचा तक्ता बसवला होता. प्रत्येक तालुक्याच्या गावी रोज एक तरी डॉक्टर चोवीस तास हजर राहील आणि त्याचं नाव स्टँडवर फळ्यावर असेल. यावल, जामनेर अशा सहा गावांत तो सुरू झाला होता. अध्यक्ष होऊन तो दोन्ही जिल्ह्यांत न्यायचा, एवढ्यासाठीच ती उभी होती. "डॉक्टर म्हणजे काय एसटीचा ड्रायव्हर आहे का ड्यूटी लावायला?" असं बोरसे भर सभेत म्हणाले होते आणि टाळ्या मिळवून गेले होते.

"झुलाल, बाईला दवाखान्यात आत घे. पाणी उकळत ठेव, हत्यारं काढ. तिला डाव्या कुशीवर निजव. आम्ही निघतो." तिनं फोन ठेवला आणि वळली. "पाच डॉक्टर एकाच दिवशी गावाबाहेर कसे जातील? लग्न आहे का कोणाचं?"

आबांचा अंगठा थांबला होता.

पुष्पाबाईंनी मटकीचं ताट बाजूला सारलं. "लग्न नही अन्‌ काही नही," त्या म्हणाल्या. "परवा रात्रीपासून माह्ये हात भरून आले हायेत. दोनशे कळण्याच्या पुऱ्या लाटल्या मी. त्या कोणाच्या घशाखाली गेल्या ते इचार तुह्या सासऱ्याले."

"पुष्पे!" जीवराम ओरडले.

"मले काय दटावता? बाई मरू राह्यली तिकडे."

लता आबांसमोर जाऊन उभी राहिली. "आबा, डॉक्टर कुठे आहेत?"

आबांनी पायावरचा पाय खाली घेतला. आवाजात अजून थोडी ऐट होती. "ऊनपदेवले. लग्जरी बस केली. यावलचे पाच, जामनेरचे चार, बठ्ठे मिळून बावीस. कालच्या सांजले निघाले. गरम पाण्याच्या कुंडात आंघोळ, वांग्याचं भरीत, पुऱ्या, धर्मशाळेत मुक्काम. उद्या तिथून बस सरळ मतदानाले. त्या बोरशाची मानसं दोन दिवसांपासून तालुक्यात फिरू राह्यली व्हती. तुही मतं फोडली असती त्याईनं. मी एक बी फुटू दिलं नही."

सोसायटीच्या निवडणुकीत आबा हेच करत आले होते. मतदानाआधी आपले मतदार उचलायचे, लांब कुठेतरी देवाला न्यायचे, खाऊपिऊ घालायचं आणि मतपेटीसमोरच आणून उतरवायचं. केळीवाले दोन दिवस गावात नसले तर केळी काही मरत नाहीत. डॉक्टरांचं तसं नसतं, हे आबांच्या डोक्यात आलंच नव्हतं.

लताचा राग उसळून आला. मग तिला दिसलं की आबांचा चेहरा उतरला आहे. आपण काय केलं ते त्यांना आत्ता, या क्षणी कळत होतं. तिनं राग गिळला. त्याला वेळ नव्हता.

"गिरधर, गाडी काढ. भूल द्यायचं सामान घे." तिनं भाषणाचाच एक कागद उलटा केला आणि त्यावर चार ओळी लिहिल्या. *ज्यांची ड्यूटी आहे त्यांनी ताबडतोब आपल्या गावी जावे. बाकीच्यांनी आपल्या दवाखान्यात जावे. ही सहल माझ्या सांगण्यावरून नाही. बस आधी यावलला आणावी.* खाली सही केली. "भाऊ, जीप घेऊन ऊनपदेवला जा आणि हे कोलत्यांच्या हातात द्या."

जीवराम उठले नाहीत. "आता एवढ्या दुरून बस माघारी बोलवायची? अन्‌ ते बोरसेच्या मानसाच्या हाताले लागले तं? तुम्ही जा ना यावलले, बाईचं करा. डॉक्टर राहू द्या तिथंच. कोणाले कळत नही."

"आज संध्याकाळी जामनेरला कोणाला लागलं तर?"

"एका दिवसानं काय होते?"

"एका दिवसानंच होतं, भाऊ."

पुष्पाबाईंनी पदर खोचला. लग्नाला एकवीस वर्षं झालेली ही थोरली सून, आणि तिची लताबद्दलची एकच तक्रार साऱ्या भाऊबंदकीला पाठ होती, की डॉक्टरीण झाली म्हणून हिला भाकरी थापणं माफ. आज ती नवऱ्याच्या हातातून पेपर काढून घेत म्हणाली, "उठा. मी येते संगं. माह्या पुऱ्या खाल्ल्या त्याईनं, मी उठवते त्याईले कुंडातून."

जीवराम उठले.

फियाट निघाली तेव्हा मागचं दार उघडून आबा कोणालाही न विचारता आत बसले. गाडीनं तापीचा पूल ओलांडला. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा लागल्या, घडांवर गोणपाट बांधलेलं, पाटातून पाणी चाललेलं.

"उखर्डूची सून म्हनता?" आबा मागून म्हणाले. "आपल्या बागेत पानी भरतो तोच उखर्डू?"

"तोच," गिरधर म्हणाला.

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

कोलत्यांच्या दवाखान्याच्या ओट्यावर वीस-पंचवीस माणसं जमली होती. झुलालनं सांगितलेलं सगळं केलं होतं आणि न सांगितलेलंही, म्हणजे भिकुबाईच्या सासूला दोनदा रडू नको म्हणून दटावलं होतं. लतानं पोटावर हात ठेवला. पोर आडवंच होतं. ठोके लागत होते, पण मंद. वळवून बघायची वेळ टळून गेली होती.

"कापावं लागेल," ती गिरधरला म्हणाली.

"दहा मिनिटं दे," तो म्हणाला आणि बाह्या वर करू लागला. घरी चष्मा न सापडणारा हा माणूस, पण सुई हातात घेतली की त्याच्याकडे बघून पेशंटची भीती निम्मी जायची. भिकुबाईच्या कानाशी वाकून तो तिच्याच बोलीत म्हणाला, "भिकुबाई, आता पाय जड लागतीन. भेऊ नको. मी इथंच हाये."

साडेदहाला पोर बाहेर आलं. मुलगी. निळसर, गप्प. लतानं तिला उलटं धरलं, पाठ चोळली, तोंड साफ केलं, पुन्हा चोळली. सोळा वर्षांत हजारांवर बाळंतपणं केलेली बाई, पण या घडीला ती मनातल्या मनात सेकंद मोजत होती. मग मुलीनं श्वास घेतला आणि असा काही टाहो फोडला की ओट्यावरची माणसं एकदम बोलायला लागली.

टाके घालून, हात धुऊन लता बाहेर आली तेव्हा तिला दारातच थांबावं लागलं. ओट्याच्या कडेला आबा बसले होते आणि म्हातारा उखर्डू त्यांचे पाय धरायला वाकला होता.

"आबा, तुमच्या सुनेनं आमची सून वाचवली. तुमचे लई उपकार."

आबांनी पाय मागे ओढले. "पाय नको धरू, उखर्डू."

"काहाले नको?"

"गावातले डॉक्टर मीच नेले."

उखर्डूला कळेना. "कोठी नेले?"

"ऊनपदेवले. भरीत खायाले. उद्याच्या मतासाठी."

कोणी शिव्या दिल्या असत्या तर आबांना सोपं गेलं असतं. उखर्डू कंबर सरळ करून उभा राहिला. तीस वर्षं त्यानं या माणसाच्या बागेत पाणी भरलं होतं.

"मंग आता परत आना ना," तो म्हणाला.

"आनू राह्यलो," आबा म्हणाले. लतानं त्यांना एवढ्या बारीक आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं. तिला त्यांची दया आली आणि त्यांचा अभिमानही वाटला. बावीस वर्षांच्या चेअरमननं भर ओट्यावर कबुली दिली होती, आणि तीही कोणी न विचारता.

दुपारी दीडला बस आली. पुढे जीप, जीपमध्ये पुष्पाबाई ताठ बसलेल्या. बसमधून डॉक्टर उतरले. कोणाच्या खांद्यावर ओला टॉवेल, कोणाच्या हातात पितळी डबा. सगळ्यांत शेवटी कोलते.

"बाई, चुकलं," कोलते म्हणाले. "पण आबा म्हणाले, बाईंनी सगळी सोय केली आहे. मला वाटलं, माझ्या जागी तुम्ही जळगावहून कोणी पाठवलं असेल. तुम्ही दरवेळी पाठवताच ना."

जामनेरचे डॉ. रुपचंद जैन पुढे आले. "आम्हालाही तसंच वाटलं. लताबाई आहेत म्हणजे बघितलं असेल."

हे ऐकून लताला सकाळपासून पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली. आबांनी बस केली खरी, पण बावीस शिकलेली माणसं त्या बसमध्ये बिनघोर चढली ती तिच्या भरवशावर. कोणी रजा घेतली की ती स्वतः बदली शोधायची, फोन करायची, वेळ पडली तर स्वतः जाऊन बसायची. तक्ता डॉक्टरांचा आहे असं ती सगळ्यांना सांगत होती आणि चालवत होती एकटीच.

"चूक माझीही आहे," ती म्हणाली. "आजपासून बदली ज्यानं त्यानं शोधायची. ती सापडल्याशिवाय गाव सोडायचं नाही. उद्या सहा गावांत कोणाची ड्यूटी आहे?"

यावलची उद्याची ड्यूटी दुसऱ्याची होती, पण कोलत्यांनी हात वर केला. "उद्या मी राहतो. आजची फेडतो." जामनेरची रुपचंदांचीच होती. बाकी चौघांनी एकमेकांकडे बघत हात वर केले.

"मग तुम्ही सहा जण उद्या मतदानाला येऊ नका."

आबा ओट्यावरून उठले. पायात आता नेहमीचं बळ आलं होतं. मतांची गोष्ट निघाली की ते येतच असे. "लताबाई, हे सहाही आपले हायेत. हाडाचे आपले. बोरसेचा एक बी मानूस ड्यूटीवर नही, कारन त्याच्या गावाईत ड्यूटीच नही. तुह्याच नियमानं तुहीच मतं जातीन."

"जातील."

"माह्या वहीप्रमानं आपून सहानंच पुढे हावोत."

"माहीत आहे, आबा."

जीवराम म्हणाले, "बरं, ते राहू दे. निदान ह्या सहलीचं उद्या तोंडातून काढू नको. झालं गेलं ते यावलात राहीन."

"उद्या मी ते सभेत सांगणार आहे."

गिरधर इतका वेळ भिंतीला टेकून उभा होता. तो म्हणाला, "लता, विचार कर. बोरसेंना हे आयतं मिळेल."

"त्यांना दुसऱ्याकडून मिळण्यापेक्षा माझ्याकडून मिळू दे."

आबा म्हणाले, "बावीस वर्षं मी निवडणुका लढवल्या. मतदानाच्या दिवशी कबुली देनारा मानूस मी पाह्यला नही."

"तुमच्या निवडणुकांबद्दल मी बोलत नाही, आबा. पण ही निवडणूक माझी आहे."

"पडली तं मले बोल लावू नको."

"लावीन," लता म्हणाली. आधी पुष्पाबाई हसल्या, मग गिरधर, आणि आबांच्या मिशाही जरा हलल्या.

रविवारी जळगावच्या त्या हॉलमध्ये पाऊल ठेवायला जागा नव्हती. धुळ्याची माणसं दोन मेटाडोर भरून आली होती. सभासद नसलेल्यांना आत मज्जाव, म्हणून आबा, जीवराम आणि पुष्पाबाई बाहेर लिंबाच्या झाडाखाली बसले. लता स्टेजवर चढली तेव्हा तिच्या हातात कागद नव्हता. भाषणाची मागची बाजू ऊनपदेवला जाऊन आली होती आणि पुढची तिला आता नको होती.

"काल सकाळी यावलमध्ये एकही डॉक्टर नव्हता," तिनं सुरुवात केली. "एक बाई अडली होती. ती वाचली, मुलगी वाचली. पण डॉक्टर का नव्हते ते तुम्हाला कळायला हवं. माझ्या घरच्यांनी त्यांना सहलीला नेलं होतं, माझी मतं फुटू नयेत म्हणून. मला ते माहीत नव्हतं. पण नेलं माझ्यासाठीच."

मागच्या रांगांतून कुजबुज उठली. कोणीतरी मोठ्यानं हसलं.

"हसा," लता म्हणाली. "मलाही हसू आलं असतं, ती बाई वाचणारच अशी खात्री असती तर. डॉक्टर म्हणजे एसटीचा ड्रायव्हर नव्हे, असं इथं एकदा म्हटलं गेलं. बरोबर आहे. ड्रायव्हर आला नाही तर माणसाला दुसरी गाडी मिळते. आज सहा डॉक्टर मतदानाला आलेले नाहीत, कारण त्यांची ड्यूटी आहे. ते सहाही मला मत देणार होते. त्यांना येऊ नका असं मीच सांगितलं. मी सहा वर्षं सेक्रेटरी होते, तुमच्या बदल्या मी शोधल्या. आता शोधणार नाही. अध्यक्ष झाले तर प्रत्येक गावात तक्ता लावीन आणि तो तुम्हाला स्वतः पाळावा लागेल. हे ज्यांना जाच वाटेल त्यांनी बोरसेसाहेबांना मत द्यावं. एवढंच."

ती खाली बसली. टाळ्या वाजल्या नाहीत. बोरसे उठले, माईकपाशी आले. त्यांनी कोटाच्या खिशात हात घातला आणि एक घडी केलेला कागद अर्धा बाहेर काढला. लताला त्यावर ऊनपदेवच्या बसचा नंबर लिहिलेला दिसला. त्यांना सगळं ठाऊक होतं तर. बोरशांनी त्या कागदाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि कागद परत खिशात ढकलला.

"आते मी काय बोलू?" ते आपल्या अहिराणीत म्हणाले आणि सभागृह हसलं. "मन्हं बठ्ठं भाषण ताई बोली गयी." मग ते ड्यूटीच्या जुलमाबद्दल थोडं बोलले, पण आवाजात धार नव्हती, आणि पाच मिनिटांत खाली बसले.

मतदान दीड तास चाललं, मोजणी अर्धा तास. लता गिरधरच्या शेजारी बसून होती. हरलो तरी उद्या सकाळी फळ्यावर नाव लिहिलं जाईल की नाही, एवढंच तिच्या डोक्यात होतं. म्हणजे जिंकायला हवं होतं. हे तिनं स्वतःपाशी पहिल्यांदाच सरळ कबूल केलं, की तिला ती खुर्ची हवी आहे, मनापासून, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

निवडणूक अधिकाऱ्यांनी चष्मा सावरला. डॉ. सुकदेव बोरसे, चौसष्ट. डॉ. लता झांबरे, एकाहत्तर.

गिरधरनं तिचा हात दाबला. आता मात्र टाळ्या वाजल्या आणि बराच वेळ वाजत राहिल्या.

लता बाहेर आली तेव्हा आबा झाडाखाली उभे होते. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. पुष्पाबाईंनी पुढे होऊन तिचा चेहरा दोन्ही हातांनी कुरवाळला आणि बोटं मोडली. जीवराम म्हणाले, "झालं बुवा एकदाचं," पण त्यांचा चेहरा खरोखरच उजळला होता. आबा हसत नव्हते. ते वही उघडून एकेका नावावर बोट फिरवत होते.

"आबा, आपण जिंकलो."

"ते समजलं. पन माह्या खुनेप्रमानं अठ्ठावन्नच व्हतात." त्यांनी वर पाहिलं. "हे तेरा कोन?"

"मला माहीत नाही."

"कोनाचा तरी अंदाज?"

"नाही, आबा. खरंच नाही."

"बावीस वर्षं," आबा म्हणाले, "निवडून आलो की त्या सांजले कोनाकोनाच्या दारी जायाचं, हे मले मतमोजनीच्या आधीच माहीत राहे. मत देनाऱ्याच्या घरी गेलो नही असं एक साल नही. आता हे तेरा मले कसे सापडतीन?"

"सापडणार नाहीत."

आबांनी पुन्हा एकदा वही चाळली. मग ती मिटून खिशात ठेवली, टोपी सारखी केली आणि हॉलच्या पायऱ्यांच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. डॉक्टर गप्पा मारत उतरत होते. आबा एकेकाला हात जोडू लागले. जळगावचा, धुळ्याचा, वहीत खूण असलेला, नसलेला, कोणालाच सोडलं नाही. ज्यांना हा म्हातारा कोण ते ठाऊक नव्हतं तेही गोंधळून हात जोडत होते.

सगळ्यांत शेवटी बोरसे उतरले. आबांनी त्यांनाही तितकेच वाकून हात जोडले.

बोरशांना हसू आलं. "आबा, मी काही तुमच्या सुनेला मत दिलेलं नाही."

"असू द्या," आबा म्हणाले. "अध्यक्ष तं आता ती तुमची बी हाये."